वराहमिहिर आणि भूकंपाचे मेघ

माळव्याच्या पठारावर क्षिप्रा नदीच्या काठी उज्जयिनी हे पुरातन नगर वसलेले आहे. प्राचीन काळी ही अवंती देशाची राजधानी होती. उत्तरेकडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे या नगरावरून पुढे भरुकच्छ बंदराकडे, म्हणजे आजच्या भडोचकडे, जात असत. महाकालाच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येथे येत. परंतु या नगराला आणखीही एक मान होता आणि तो विद्येचा होता. आकाशातील गणितासाठी भारतीय ज्योतिर्विदांनी लंकेपासून उत्तरेकडे जी मध्यरेखा कल्पिली होती, ती उज्जयिनीवरून जात असे. आज जगातील सर्व स्थळांचे रेखांश ग्रीनिचच्या रेषेपासून मोजले जातात. त्या काळी भारतातील पंचांगकर्ते उज्जयिनीची रेषा प्रमाण मानीत. अशा या नगरीच्या परिसरात इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिर हा थोर ज्योतिर्विद होऊन गेला.

वराहमिहिराने स्वतःविषयी फार थोडे लिहून ठेवले आहे. 'बृहज्जातक' या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने जी माहिती दिली आहे तीवरून तो आदित्यदासाचा पुत्र होता, अवंती देशाचा रहिवासी होता, वडिलांपाशीच त्याने विद्या संपादन केली आणि कापित्थक नावाच्या गावी सूर्याची आराधना करून त्याचा प्रसाद मिळविला, एवढे समजते. पित्याच्या नावाचा अर्थ सूर्याचा दास, आणि पुत्राच्या नावातील मिहिर या शब्दाचा अर्थही सूर्यच. यावरून त्या घराण्यात सूर्योपासना किती मुरलेली होती याची कल्पना येते. जो नित्य पहाटे उगवत्या तेजाला वंदन करतो, त्याची दृष्टी आकाशात खिळून राहावी यात नवल ते काय? 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथात गणिताच्या आरंभासाठी त्याने शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ हे वर्ष घेतले आहे. परंपरेनुसार त्याचे निधन शके ५०९, म्हणजे इ. स. ५८७ मध्ये झाले.

एवढ्या मोठ्या पुरुषाभोवती लोककथांची वेल वाढली नसती तरच आश्चर्य! विक्रमादित्याच्या दरबारातील नवरत्नांत त्याची गणना होते. त्याच्या नावाविषयीही एक कथा सांगतात. त्याचे मूळ नाव केवळ मिहिर असे होते. राजपुत्राचा मृत्यू अमुक दिवशी वराहामुळे, म्हणजे रानडुकरामुळे, होईल असे भविष्य त्याने वर्तविले. राजाने पुत्राला उंच प्रासादात कडेकोट पहाऱ्यात ठेवले. तरीही नेमक्या त्याच दिवशी राजध्वजावरील वराहाची आकृती निखळून राजपुत्राच्या अंगावर पडली आणि त्याचा अंत झाला. तेव्हापासून मिहिराला लोक वराहमिहिर म्हणू लागले. कथा चित्तवेधक आहे, परंतु तिला इतिहासाचा आधार नाही. कथेतील भविष्यवेत्ता कधीच चुकत नाही. खरा वराहमिहिर मात्र आपल्यासारखाच माणूस होता. तो अखंड निरीक्षण करीत होता, पूर्वजांची मते ताडून पाहत होता, आणि काही ठिकाणी चुकतही होता. म्हणूनच त्याचे खरे चरित्र या कथेपेक्षा अधिक बोधप्रद आहे.

तो काळ स्वस्थतेचा नव्हता. गुप्त सम्राटांचे वैभव ओसरू लागले होते. वायव्येकडून हूणांच्या टोळ्या देशात घुसल्या होत्या. उज्जयिनीपासून फारशा दूर नसलेल्या दशपुरात, म्हणजे आजच्या मंदसोरात, यशोधर्मा नावाचा पराक्रमी राजा उदयास आला आणि त्याने हूणांचा राजा मिहिरकुल याला नमविले. राज्ये उदयास येत होती, लयास जात होती. अशा काळी प्रजेला आणि राजाला एकच चिंता असे. पाऊस वेळेवर पडेल का? पीक हाती येईल का? रोगराई, दुष्काळ, भूकंप यांची चाहूल आधी लागेल का? या प्रश्नांची उत्तरे देणे हे त्या काळच्या ज्योतिषाचे काम होते. त्याच्या सांगण्यावर पेरणी, प्रवास आणि स्वारी अवलंबून असे. एखादा लबाड मनुष्य अशा वेळी वाटेल ते सांगून मान आणि धन मिळवू शकला असता. वराहमिहिराने हा सोपा मार्ग धरला नाही.

त्याची वृत्ती कशी होती हे 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथावरून उत्तम प्रकारे कळते. त्या काळी ग्रहगणिताचे पाच सिद्धांत प्रचलित होते : पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह. वराहमिहिराने हे पाचही सिद्धांत एकत्र आणून त्यांचे सार सांगितले. तेवढ्यावरच तो थांबला नाही. कोणत्या सिद्धांताचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी किती जुळते याचाही त्याने निर्णय दिला. पौलिश सिद्धांत शुद्ध आहे, रोमक त्याच्या जवळ येतो, सौर सर्वांत शुद्ध आहे, आणि उरलेले दोन सत्यापासून दूर भरकटले आहेत, असे त्याने स्पष्ट लिहिले. या उरलेल्या दोन सिद्धांतांपैकी एक वसिष्ठ ऋषींच्या नावाचा, तर दुसरा पितामहाच्या, म्हणजे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाच्या नावाचा होता! नाव कितीही पूज्य असले तरी आकाशाची साक्ष त्याहून मोठी, ही निष्ठा त्याने येथे प्रकट केली. 'रोमक' हे नावच परदेशाकडे बोट दाखविते. तरीही त्या सिद्धांताला त्याने पैतामहाहून वरचे स्थान दिले. यवनांविषयी, म्हणजे ग्रीक लोकांविषयी, त्याने अन्यत्रही अशीच उदारता दाखविली आहे. हे लोक म्लेच्छ असले तरी ज्योतिषशास्त्र त्यांच्यात चांगले रुजलेले असल्याने ऋषींप्रमाणे त्यांचाही आदर होतो, असे त्याने सांगितले.

ग्रहणाच्या बाबतीतही त्याची दृष्टी अशीच निर्भय होती. राहू नावाचा राक्षस सूर्यचंद्रांना गिळतो, ही समजूत सर्वत्र दृढ होती. वराहमिहिराने प्रतिपादन केले की, चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. गणिताने काढलेल्या दिवशी, काढलेल्या घटकेला ग्रहण लागते की नाही हे सर्वांना डोळ्यांनी पाहता येते. गणित चुकले तर ते लपत नाही. म्हणूनच ग्रहणाचे शास्त्र शतकानुशतके शुद्ध होत गेले.

परंतु विद्वानांनाही चकवा पडतो. वराहमिहिराच्या थोडे आधी आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले होते. वराहमिहिराला हे मत पटले नाही. पृथ्वी वेगाने फिरत असती तर आकाशात उंच गेलेल्या पक्ष्यांना आपली घरटी पुन्हा सापडली नसती, असा आक्षेप त्याने घेतला. पृथ्वीबरोबर तिच्यावरील वातावरणही फिरत असते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी आली नाही. हा आक्षेप चुकीचा होता, तरी तो आंधळा नव्हता. पक्षी घरट्याकडे परततात हे त्याने पाहिले होते आणि त्या पाहण्यावरूनच त्याने तर्क केला होता.

वराहमिहिराच्या सर्व ग्रंथांत 'बृहत्संहिता' हा ग्रंथ सर्वांत विशाल आहे. त्यात शंभरांहून अधिक अध्याय आणि सुमारे चार हजार श्लोक आहेत. ग्रहांच्या गती, पाऊस, शेती, घरबांधणी, झाडांचे रोग, रत्नांची पारख, सुगंधी द्रव्ये, भिंती व मूर्ती पक्क्या जोडण्याचा वज्रलेप असे असंख्य विषय त्यात आले आहेत. जमिनीखालचे पाणी कसे शोधावे यासाठी तर एक मोठा अध्यायच आहे. जांभळीच्या झाडाजवळ पूर्वेस वारूळ असेल, तर त्याच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागते, अशा प्रकारच्या कितीतरी खुणा त्यात दिल्या आहेत. दोन पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या दुप्पट खोली. पडलेला पाऊस मोजण्यासाठी एक हात रुंदीचे कुंड ठेवावे आणि त्यात साठलेले पाणी आढक या मापाने मोजावे, असेही त्याने सांगितले आहे. ढगांच्या गर्भाची कल्पना तर फारच रम्य आहे. हिवाळ्यात आकाशात ज्या खुणा दिसतात तो पावसाचा गर्भ होय, आणि १९५ दिवसांनी त्यातून पाऊस जन्मास येतो, असे त्या काळी मानीत असत.

अशा खुणा टिपायच्या तर अहोरात्र जागे राहिले पाहिजे. एकट्या माणसाला हे शक्य नाही हे वराहमिहिराने ओळखले होते. यासाठी राजज्योतिषाच्या हाताखाली आणखी चार जाणकार नेमावेत अशी योजना त्याने सुचविली. एकाने पूर्व आणि आग्नेय, दुसऱ्याने दक्षिण आणि नैर्ऋत्य, तिसऱ्याने पश्चिम आणि वायव्य, तर चौथ्याने उत्तर आणि ईशान्य या दिशांवर नजर ठेवावी. उल्कापातासारख्या गोष्टी क्षणात नाहीशा होतात, म्हणून एकही दिशा उघडी राहता कामा नये, असे त्याचे सांगणे होते. आज वेधशाळांत पाळीपाळीने काम चालते, तसाच हा विचार दीड हजार वर्षांपूर्वी एका भारतीय पंडिताने केला होता.

याच ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायात वराहमिहिराने भूकंपाचा विचार केला आहे. आरंभी त्याने पूर्वाचार्यांची मते क्रमाने दिली आहेत. कोणी म्हणत की, समुद्रात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे पृथ्वी हलते. कोणी म्हणत की, पृथ्वीचा भार वाहून थकलेले दिग्गज निःश्वास टाकतात तेव्हा भूकंप होतो. एक वायू दुसऱ्या वायूवर आदळून खाली पडतो आणि पृथ्वी हादरते, असे आणखी काहींचे मत होते. तर काही जण याचे मूळ अदृष्टात, म्हणजे न दिसणाऱ्या दैवी कारणात, शोधीत असत. यानंतर त्याने एक पुराणकथा सांगितली आहे. फार पूर्वी पर्वतांना पंख होते. ते उडत आणि पुन्हा जमिनीवर उतरत, तेव्हा पृथ्वी थरथर कापे. पृथ्वीचे एक नाव अचला, म्हणजे न हलणारी. आपले हे नाव खोटे ठरत आहे म्हणून लज्जित झालेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गेली. ब्रह्मदेवाच्या आज्ञेने इंद्राने वज्राने पर्वतांचे पंख छाटले. मात्र लोकांना शुभाशुभाची सूचना मिळावी म्हणून वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण हे चार देव दिवसाच्या व रात्रीच्या चार भागांत पृथ्वीला हलवतील, असे ठरले.

या चार देवांच्या नावांनी भूकंपांची चार मंडले मानली गेली आणि अठ्ठावीस नक्षत्रे त्यांत सात-सात अशी वाटली गेली. प्रत्येक मंडलातील भूकंपापूर्वी सात दिवस कोणती चिन्हे दिसतात, ती वराहमिहिराने नोंदविली आहेत. वायूच्या मंडलात दिशा धुराने भरल्यासारख्या होतात, धूळ उडविणारा आणि झाडे मोडणारा वारा सुटतो, सूर्याचे किरण मंद होतात. अग्नीच्या मंडलात उल्का पडतात, दिशा पेटल्यासारख्या दिसतात, आणि वाऱ्याच्या साहाय्याने वणवे पसरतात. इंद्राच्या मंडलात चालत्या पर्वतांसारखे प्रचंड मेघ येतात. त्यांचा रंग म्हशीच्या शिंगासारखा किंवा भुंग्यांच्या थव्यासारखा काळा असतो, आणि ते गंभीर गर्जना करीत पाऊस पाडतात. वरुणाच्या मंडलात नीलकमळासारखे, काजळासारखे काळेभोर मेघ दिसतात. त्यांचा गडगडाट मधुर असतो, विजा चमकतात आणि पावसाच्या बारीक धारा पडतात. अशा मेघांनाच पुढे कोणी भूकंपाचे मेघ म्हणू लागले.

हा अध्याय वाचताना लेखकाची नीटनेटकी वृत्ती जागोजागी जाणवते. कोणत्या मंडलाचा भूकंप किती दूरवर जाणवतो तेही त्याने दिले आहे : वायूचा २०० योजने, वरुणाचा १८०, इंद्राचा १६० आणि अग्नीचा ११० योजने. एका भूकंपानंतर तिसऱ्या, चौथ्या किंवा सातव्या दिवशी, पंधरवड्याने, महिन्याने अथवा दीड महिन्याने पुन्हा धक्का बसला तर तो मोठ्या राजांच्या नाशाची सूचना असते, असे त्याने म्हटले आहे. राजांच्या नाशाची गोष्ट बाजूस ठेवली, तरी एका मोठ्या धक्क्यामागून अनेक दिवस लहानमोठे धक्के बसत राहतात हे खरे आहे. कोणीतरी ते मोजले होते, लक्षात ठेवले होते, आणि त्या आठवणी या अध्यायात उतरल्या होत्या.

ढगांवरून भूकंप ओळखण्याचा प्रयत्न केवळ भारतातच झाला असे नाही. वराहमिहिरापूर्वी सुमारे नऊशे वर्षे ग्रीस देशात होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने अशीच एक खूण दिली आहे. निरभ्र आकाशात दिवसा किंवा सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने ढगाची एक बारीक, लांबच लांब रेघ दिसली, तर ते भूकंपाचे चिन्ह समजावे, असे तो म्हणतो. रोमचा पंडित प्लिनी यानेही इसवी सनाच्या पहिल्या शतकात हीच खूण सांगितली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रीस आणि रोम येथील पंडितांनी निरभ्र आकाशातील बारीक रेघ सांगितली. उज्जयिनीच्या पंडिताने काजळासारख्या मेघांचे थवे सांगितले. भूकंपापूर्वी आकाशात खरोखरच एखादी ठरावीक खूण उमटत असती, तर ती दोन्हीकडे सारखीच दिसली नसती का?

मग या विद्वानांना तसे का वाटले असावे? पायांखालची जमीन हलणे यासारखे भय दुसरे नाही. वादळ दुरून दिसते, पूर चढताना दिसतो, वणवा धुरावरून कळतो. भूकंप मात्र कोणतीही वर्दी न देता येतो. ज्यांची माणसे त्यात गेली ते मागे वळून आदल्या दिवसांची प्रत्येक गोष्ट आठवू लागतात. त्या दिवशी ढग कसे होते, वारा कसा होता, गुरे का हंबरत होती? आठवलेले विचित्र दृश्य मनात पक्के बसते. परंतु तसेच ढग येऊन गेले आणि काहीही घडले नाही, असे शेकडो दिवस मात्र कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत. माळव्यात दर पावसाळ्यात काळेभोर मेघ दाटतात, मधुर गर्जना करतात, विजा चमकवतात. तरीही तेथे दर पावसाळ्यात भूकंप होत नाही. किती वेळा खूण दिसली आणि भूकंप झाला, किती वेळा खूण दिसूनही झाला नाही, आणि किती वेळा खुणेवाचूनच झाला, या तिन्हींची मोजदाद केल्याखेरीज कोणतीही खूण खरी म्हणता येत नाही.

चार मंडलांच्या रचनेतही अशीच एक उणीव होती. अठ्ठावीसही नक्षत्रे चार मंडलांत वाटलेली असल्यामुळे भूकंप कोणत्याही दिवशी झाला, तरी तो कोणत्या ना कोणत्या मंडलात बसणारच. जी रचना कधीच चुकू शकत नाही, तिच्यावरून काही नवे कळतही नाही. ग्रहणाच्या गणिताला दर वर्षी आकाशाची परीक्षा द्यावी लागत होती. भूकंपाच्या या खुणांना तशी परीक्षा कोणी दिलीच नाही. भूकंप क्वचित होतात, दूरदूरच्या ठिकाणी होतात, आणि त्यांच्या नोंदी ठेवणारी यंत्रे त्या काळी येथे नव्हती. ही मर्यादा एकट्या वराहमिहिराची नव्हती, ती त्याच्या युगाची होती.

वराहमिहिराची कीर्ती मात्र दूरवर पसरली. दहाव्या शतकात भट्टोत्पल या पंडिताने त्याच्या ग्रंथांवर विस्तृत टीका लिहिल्या. अकराव्या शतकात अल्बेरुनी या विद्वानाने भारतीय विद्यांचा अभ्यास केला, तेव्हा वराहमिहिराचे 'लघुजातक' त्याने अरबी भाषेत उतरविले. ग्रहणाचे खरे कारण सांगितल्याबद्दल त्याने वराहमिहिराची प्रशंसा केली, आणि जेथे तो रूढ समजुतींपुढे नमला असे वाटले तेथे त्याला दोषही दिला. आपल्या महाराष्ट्रात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' या ग्रंथात वराहमिहिराच्या काळाची आणि कार्याची साक्षेपाने चर्चा केली.

भूकंपाचे खरे कारण कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. पृथ्वीचे कवच अखंड नसून ते अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे. हे भूपट्ट अतिशय मंद गतीने सरकत असतात. भारत ज्या भूपट्टावर आहे तो दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूमीवर रेटा देतो. या रेट्याने खडकांवर ताण साठत जातो. ताण असह्य झाला की खडक अकस्मात तुटतात किंवा घसरतात, आणि त्यातून उठलेल्या लहरी जमीन हादरवतात. ही घटना जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलवर घडते. ढगांचा आकार वारा, उष्णता आणि हवेतील बाष्प यांवर अवलंबून असतो. ढगांवरून भूकंप सांगता येतो असे म्हणणारे लोक अलीकडेही झाले, परंतु तपासणीत त्यांचे म्हणणे सिद्ध झालेले नाही. अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, एवढा मोठा भूकंप होईल असे खात्रीने सांगण्याचे साधन अद्याप जगात कोणापाशीही नाही.

चीनमधील दोन घटना या संदर्भात फार बोलक्या आहेत. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे मोठा भूकंप झाला. त्याआधी अनेक लहान धक्के बसले होते, विहिरींचे पाणी बदलले होते, प्राणी चमत्कारिक वागू लागले होते. तेथील अधिकाऱ्यांनी लोकांना घराबाहेर काढले आणि असंख्य प्राण वाचले. आता भूकंपाचे कोडे सुटले असे अनेकांना वाटले. परंतु पुढच्याच वर्षी २८ जुलै १९७६ रोजी तांगशान शहर कोणत्याही पूर्वसूचनेवाचून उद्ध्वस्त झाले आणि दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एका ठिकाणी खरी ठरलेली खूण दुसऱ्या ठिकाणी दिसलीच नाही.

महाराष्ट्रानेही हे दुःख भोगले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करून लोक झोपी गेले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो जीव गेले. जमीन हलल्याने माणसे क्वचितच मरतात. ती मरतात घरे कोसळल्याने. म्हणून आजचे शास्त्रज्ञ आकाशात खूण शोधीत बसत नाहीत. कोणत्या प्रदेशात धोका अधिक आहे याचे नकाशे ते करतात, आणि हादरे सोसतील अशी घरे कशी बांधावीत हे सांगतात. जपानमध्ये तर २००७ पासून भूकंपाच्या पहिल्या वेगवान लहरी यंत्रांनी टिपून, मोठा हादरा पोहोचण्याच्या काही सेकंद आधी देशभर इशारा दिला जातो. थोडेच सेकंद; पण तेवढ्यात मेजाखाली आसरा घेता येतो, धावती गाडी थांबविता येते.

वराहमिहिराचे चार जाणकार चार दिशांना तोंड करून रात्रंदिवस जागे राहावेत अशी त्याची इच्छा होती. आज त्यांची जागा भूकंपमापक यंत्रांनी घेतली आहे, आणि ही यंत्रे आकाशाऐवजी भूमीचा ठाव घेतात. त्याच्या मेघांच्या खुणा आज कोणी प्रमाण मानीत नाही. यात त्याचा अनादर आहे काय? मुळीच नाही. वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांच्या नावांचे सिद्धांत हाती घेऊन, ते आकाशाशी जुळत नाहीत असे सांगण्याचे धैर्य ज्याने दाखविले, त्याचे स्वतःचे शब्दही त्याच कसोटीवर घासून पाहणे हाच त्याचा खरा गौरव होय. पूर्वजांनी लावलेला दिवा घेऊन पुढे चालावे. परंतु त्या दिव्याच्या उजेडात जे दिसेल, ते मात्र आपल्या डोळ्यांनीच पाहावे.